सर्व्हरचा कोठावळा



“सर्व्हर बंद आहे, उद्यां या,” हें वाक्य ज्यानें ऐकलें नाहीं असा गृहस्थ आज सांपडणें कठीण. रेशनच्या दुकानांत, दाखल्याच्या खिडकीपाशीं, बँकेंत, शाळेच्या कचेरींत तें आपल्या कानीं पडतें. आपण निमूटपणें माघारीं वळतों, आणि पावसाला किंवा उन्हाला जसा कोणी दोष देत नाहीं, तसा सर्व्हरलाही देत नाहीं. जणूं कांहीं सर्व्हर बंद पडणें ही दैवी आपत्तीच! माझें आज सांगणें असें आहे कीं, पुष्कळ वेळां ती दैवी नसते. वीज जाते, तार तुटते, हें खरें. परंतु कित्येकदां सर्व्हर बंद पडतो तो त्याच्या पोटांत कोणीं तरी, केव्हां तरी, घाईघाईनें आणि कसलीही नोंद न ठेवतां एखादी वस्तु कोंबली म्हणून. ही वस्तु म्हणजे सॉफ्टवेअर. तें सर्व्हरवर कसें बसवावें, कोणाच्या हातून बसवावें आणि त्याचा हिशेब कोणीं ठेवावा, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय रुक्ष वाटेल, अशी मला भीति आहे. म्हणून मी ज्या गोंदिया जिल्ह्यांत राहतों, तेथील एका नेहमीच्या दृश्यापासून आरंभ करतों. गोंदियाला तांदुळाचें शहर म्हणतात. शहरांत आणि भोंवतालच्या तालुक्यांत भाताच्या गिरण्या पुष्कळ आहेत. हंगामांत अशा एखाद्या गिरणीच्या कोठारांत डोकावून पाहावें. पोत्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या असतात, आणि दाराशीं एक मनुष्य वही घेऊन बसलेला असतो. कोणत्या गांवचें धान कोणत्या दिवशीं आलें, जात कोणती, पोतीं किती, त्यांतून बाहेर किती गेलीं, हें सारें त्याच्या वहींत असतें. ओलसर पोतें तो थप्पींत रचूं देत नाहीं. कारण एक ओलें पोतें मध्यें गेलें, तर तें आपल्याबरोबर शेजारच्या दहांना कुजवितें, आणि वास सुटेपर्यंत तें कोठें आहे याचा पत्ता लागत नाहीं. जुन्या मराठींत ह्या माणसाला कोठावळा म्हणत. कोठार कितीही मोठें असो, त्याची अब्रू ह्या कोठावळ्याच्या वहींत असते.

आतां सर्व्हरकडे वळूं. सर्व्हर हाही संगणकच. फरक इतकाच कीं, तो एका माणसापुढें मांडलेला नसून अनेकांच्या सेवेस अहोरात्र उभा असतो. त्याला बहुधा पडदाही नसतो. कोठल्या तरी दूरच्या खोलींत तो एकटाच गुरगुरत असतो, आणि आपण अर्ज भरला, पैसे पाठविले, तिकीट मागितलें, कीं उत्तर देतो. ह्या यंत्राचा कारभार चालविणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. जगांतील फार मोठ्या संख्येच्या सर्व्हरांवर ही व्यवस्था लिनक्स नांवाची असते. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स ह्या तरुणानें तिचा गाभा लिहून प्रसिद्ध केला. पण चूल मांडली म्हणजे स्वयंपाक झाला, असें होत नाहीं. त्या गाभ्याभोंवतीं हजारों उपयुक्त सॉफ्टवेअरें गोळा करून, तीं एकमेकांशीं जुळवून, सर्वांना एकत्र देणाऱ्या मंडळी पुढें आल्या. त्यांच्या अशा संग्रहाला वितरण म्हणतात. इयान मर्डॉक ह्यांनीं ऑगस्ट १९९३ मध्यें आरंभिलेलें डेबियन हें त्यांतलें एक जुनें वितरण. रेड हॅट हें दुसरें. आणि डेबियनच्या पायावर २००४ सालीं उभें राहिलेलें उबुंटू हें तिसरें. आपल्याकडे सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानें रचलेलें ‘बॉस’ हेंही डेबियनच्याच कुळांतलें आहे.

हीं सॉफ्टवेअरें एकमेकांशीं जुळवावीं लागतात, ती कां? घरांत पुरणपोळी करावयाची ठरली, तर नुसतें तिचें नांव घेऊन ती ताटांत पडत नाहीं. हरभऱ्याची डाळ हवी, गूळ हवा, कणीक हवी, पुरण वाटण्याचें साधन हवें. आणि डाळ शिजवावयाची तर तिच्यासाठीं पुन्हां भांडें व जाळ हवा. सॉफ्टवेअरचेंही तसेंच आहे. एखाद्या कॉलेजच्या प्रवेशअर्जांचें पान सर्व्हरवर चालवावयाचें, तर पानें पुरविणारें एक सॉफ्टवेअर लागतें, माहिती सांभाळणारा डेटाबेस लागतो, ज्या भाषेंत तें पान लिहिलें ती चालविणारें निराळें लागतें. आणि ह्या सर्वांना गुप्तलेखनाचा, फाइली आवळून लहान करण्याचा, असे कित्येक सामायिक भाग लागतात. ह्या सामायिक भागांना लायब्ररी म्हणतात. एकाच लायब्ररीवर दहा-वीस सॉफ्टवेअरें विसंबून असतात.

येथेंच खरी अडचण उद्भवते. ती समजावून घेण्यासाठीं मी आपणांस गोंदियाच्या रेल्वेस्थानकावर नेतों. विसाव्या शतकाच्या आरंभीं बंगाल-नागपूर रेल्वेनें येथून बालाघाट व नैनपूरवरून जबलपुराकडे अडीच फुटी लोहमार्ग नेला. मुंबईहून हावड्याकडे जाणारा मार्ग साडेपांच फुटी. दोन्ही मार्ग एकाच स्थानकांत येत. दोहोंवरही गाड्याच धांवत. पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चढणें शक्य नव्हतें. माल उतरवून पुन्हां भरावा लागे. आतां तो मार्ग रुंद झाला आहे आणि ही यातायात संपली आहे. लायब्ररींचें नेमकें असेंच असतें. नांव एकच, पण आवृत्ति निराळी, म्हणजे रुळांचें माप निराळें. नव्या मापासाठीं बांधलेलें सॉफ्टवेअर जुन्या मापावर चालत नाहीं. आणि त्या एकाच्या हट्टासाठीं कोणीं रूळच बदलले, तर त्यांवर धांवणाऱ्या बाकीच्या सर्व गाड्या जागच्या जागीं उभ्या राहतात.

पूर्वीं हें सारें हातानें करावें लागे. सॉफ्टवेअरचें मूळ लेखन आणावयाचें, तें आपल्या यंत्रावर घडवावयाचें, मध्येंच अमुक लायब्ररी नाहीं असा निरोप आला कीं ती शोधावयास निघावयाचें, आणि शेवटीं तयार झालेल्या शेंकडों फाइली निरनिराळ्या जागीं टाकून द्यावयाच्या. पुढें तें सॉफ्टवेअर काढून टाकावयाचें झालें, तर कोणत्या फाइली त्याच्या आणि कोणत्या दुसऱ्याच्या, हें सांगणारा कोणी नसे. कोठार होतें, वही नव्हती.

ती वही म्हणजेच पॅकेज मॅनेजर. पॅकेज म्हणजे बांधलेलें गांठोडें. त्यांत सॉफ्टवेअरच्या फाइली असतात. शिवाय एक चिठ्ठी असते, आणि तिच्यावर नांव, आवृत्ति, बांधणाऱ्याचें नांव व ह्या गांठोड्याला आणखी कोणतीं गांठोडीं लागतात, हें लिहिलेलें असतें. डेबियनमध्यें गांठोडीं उघडून बसविणारें डीपीकेजी हें साधन १९९४ च्या सुमारास आकारास आलें. रेड हॅटनें १९९५ मध्यें आरपीएम आणलें. परंतु लागणारीं गांठोडीं स्वतः शोधून आणण्याचें काम तेव्हांही माणसाकडेच होतें. तें काम अंगावर घेणारा ॲप्ट डेबियनच्या मार्च १९९९ मधील आवृत्तींतून लोकांच्या हातीं आला. रेड हॅटच्या घराण्यांत हेंच काम पुढें यमनें आणि त्यानंतर डीएनएफनें पत्करलें. नांवें निराळीं, धर्म एकच. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीच्या कोठारांत अशीं ६९ हजारांहून अधिक पॅकेजें आहेत. एवढा पसारा कोणत्याही माणसाच्या स्मरणांत राहणार नाहीं. वहींत मात्र राहतो.

कोठावळ्याशीं आपला संवाद कसा होतो, तें पाहूं. ‘ॲप्ट अपडेट’ असा हुकूम दिला, तर सर्व्हरवर नवें कांहींच बसत नाहीं. फक्त कोठाराची ताजी यादी येते. पुष्कळ नवशिके येथेंच फसतात. यादी आली म्हणजे माल आला, असें त्यांना वाटतें. बसलेलें सॉफ्टवेअर सुधारावयाचें, तर ‘ॲप्ट अपग्रेड’ हा निराळा हुकूम आहे. आणि नवें बसवावयाचें, तर ‘ॲप्ट इन्स्टॉल’ म्हणून पुढें त्याचें नांव द्यावयाचें. मग कोठावळा चिठ्ठ्या वाचतो, एकाला दुसरें आणि दुसऱ्याला तिसरें काय लागतें याची गणती करतो, आणि कशालाही हात लावण्यापूर्वीं आपल्यापुढें हिशेब मांडतो: हीं नवीं बसतील, हीं बदलतील, हीं काढलीं जातील, इतकी जागा लागेल; संमति आहे काय? आपण होकार दिल्यावर तो माल आणतो, तपासतो, प्रत्येक फाइल तिच्या ठरल्या जागीं ठेवतो आणि नोंद करतो. पुढें केव्हांही एखादी फाइल दाखवून “ही कोणाची?” असें विचारावें; तो मालकाचें नांव सांगतो. “हें काढून टाक” म्हटलें, तर त्याच्या फाइली तेवढ्या काढतो आणि आपण हातानें केलेली मांडणी राखून ठेवतो; तीही नको असेल, तर तसें निराळें सांगावें लागतें.

ह्या कामास जो अधिकार लागतो, त्याला रूट म्हणतात. आमच्याकडील जुन्या भाषेंत सांगावयाचें, तर रूट म्हणजे सर्व्हरचा मालगुजार. त्याला कोणी अडवीत नाहीं, आणि त्याची चूकही कोणी थोपवीत नाहीं. म्हणूनच कोठावळ्याचा तो एक प्रश्न, “संमति आहे काय?”, हा ह्या सर्व व्यवहारांतला सर्वांत मोलाचा क्षण आहे.

कोणी म्हणेल, हा माल दूरदेशींच्या अनोळखी यंत्रावरून येतो; वाटेंत कोणीं गांठोडें बदललें तर? ह्यावर योजलेला उपाय मोठा सुंदर आहे. प्रत्येक गांठोड्यावरून गणितानें एक लांबलचक आंकडा काढतां येतो. आंतील एक अक्षर जरी बदललें, तरी तो आंकडा पार बदलून जातो. सर्व गांठोड्यांचे आंकडे एका यादींत असतात; त्या यादीचा आंकडा तिच्यावरच्या एका पत्रकांत असतो; आणि त्या पत्रकावर वितरणाच्या चालकांनीं आपल्या गुप्त किल्लीनें केलेली मोहोर असते. मोहोर ओळखण्याची उघडी किल्ली आपल्या सर्व्हरवर आधींच ठेवलेली असते. त्यामुळें एका मोहोरेखालीं सारें कोठार सुरक्षित होतें. गांठोडें वितरणाच्या मूळ घरून येवो, कीं त्याची नक्कल ठेवणाऱ्या एखाद्या विद्यापीठांतून येवो, वाटेवर विश्वास ठेवण्याचें कारण उरत नाहीं. मोहोर जुळली नाहीं, तर कोठावळा माल दाराबाहेर ठेवतो. अशा वेळीं ‘तपासणी सोड आणि पुढें चल’ असाही एक हुकूम देतां येतो. तो देण्याचा मोह होतो. पण तो देणें म्हणजे पहारेकऱ्याला सुट्टी देऊन दार उघडें टाकणें होय.

आतां माझ्याच हातून घडलेला एक अपराध सांगतों.

आमच्या जिल्ह्यांतील एका शिक्षणसंस्थेचा सर्व्हर कांहीं वर्षें माझ्याकडे होता. जुलै महिना होता, आणि प्रवेशअर्जांचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवसावर आला होता. संध्याकाळीं अर्जाच्या पानाचा एक भाग चालेना. त्याला पीएचपी ह्या भाषेची नवी आवृत्ति हवी होती, आणि आमच्या कोठारांत जुनी होती. मीं बाहेरचें एक कोठार सर्व्हरला जोडलें. तें वस्तुतः आमच्यापेक्षां नव्या वितरणासाठीं होतें. अर्थात् त्याचे रूळ निराळ्या मापाचे होते. हुकूम दिला. कोठावळ्यानें नेहमीप्रमाणें हिशेब मांडला. तो लांबलचक होता, आणि त्यांत ‘हीं काढलीं जातील’ ह्या शीर्षकाखालीं तीसएक नांवें होतीं. मीं तीं वाचलीं नाहींत. जेवणाची वेळ झाली होती. मीं होकाराचें अक्षर दाबलें आणि उठलों. ज्यांची माप जुळेना अशीं सॉफ्टवेअरें कोठावळ्यानें माझ्या संमतीनें एकामागून एक काढलीं. त्यांत आमच्या डेटाबेसचें सॉफ्टवेअरही होतें.

सकाळीं संस्थेच्या दाराशीं रांग लागली. सालेकसा, देवरी, अर्जुनी ह्या बाजूंचीं माणसें पहिल्या एस्. टी. नें आलीं होतीं. खिडकीपाशीं एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन उभे होते. मुलीच्या हातांत कागदपत्रांची पिशवी होती. मीं म्हटलें, “भाऊ, सर्व्हर बंद आहे, उद्यां या.” ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, “आज रोवणी सोडून आलो जी. उद्या पुन्हा कसा येऊ?” धानाच्या रोवणीचे दिवस मोजके असतात. पाऊस थांबत नाहीं, चिखल थांबत नाहीं, मजुरीही थांबत नाहीं. त्या क्षणापर्यंत ‘सर्व्हर बंद आहे’ हें वाक्य मीं शेंकडों वेळां दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलें होतें. स्वतःच्या तोंडून तें ऐकतांना मला त्याचा अर्थ प्रथमच कळला.

पुढें काय झालें, तेंही सांगितलें पाहिजे. कारण खरा धडा त्यांत आहे. आदल्या रात्रीं काय काय काढलें गेलें, ह्याची यादी कोठावळ्यानें आपल्या रोजनाम्यांत तारीखवेळेसह लिहून ठेवली होती. मीं बाहेरचें कोठार तोडलें, त्या यादीवर बोट ठेवून एकेक पॅकेज आमच्याच कोठारांतून परत बसविलें, आणि दुपारपर्यंत सर्व्हर बोलूं लागला. काढलें होतें तें सॉफ्टवेअर. त्यानें सांभाळलेली माहिती जागच्या जागीं होती. संस्थेनें मुदत एक दिवस वाढविली आणि त्या मुलीचा प्रवेशही झाला. परंतु दाखले छापण्याचें एक सॉफ्टवेअर मात्र उठेना. तें माझ्या पूर्वीं कोणा कंत्राटदारानें हातानें बसविलें होतें. त्याच्या फाइली कोठें, त्याला काय लागतें, ह्याची कोठेंही नोंद नव्हती. कोठावळ्याला विचारावें, तर त्याला त्याचें नांवही ठाऊक नव्हतें. तेवढ्या एका वस्तूनें तीन दिवस खाल्ले. जें वहींत होतें, तें मूर्खपणानें मोडूनही एका सकाळींत उभें राहिलें; जें वहींत नव्हतें, त्यानें तीन दिवस रडविलें. मला जें सांगावयाचें आहे, तें एवढ्यांत आलें. पॅकेज मॅनेजर श्रम वांचवितो, म्हणून तो चांगला, असें लोक समजतात. त्याचा खरा गुण निराळा आहे. तो सर्व्हरला जबाब देण्याजोगा ठेवतो. आज मी आहें, उद्यां माझी बदली होईल. माझ्या जागीं येणाऱ्याला ह्या यंत्रांत काय आहे आणि तें कोठून आलें, हें विचारतां आलें पाहिजे.

तथापि मोहोर खरी असली म्हणजे माल निर्दोष असतोच, असें मात्र नाहीं. मोहोर एवढेंच सांगते कीं, हा माल अमक्याच्या हातचा आहे. तो हातच बाटला असला तर? २७ जून २०१७ रोजीं ह्याचा प्रत्यय आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही आला. युक्रेनमध्यें हिशेबासाठीं वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक ह्या सॉफ्टवेअरच्या सुधारणा जेथून पाठविल्या जात, त्या सर्व्हरांत शत्रूनें शिरकाव केला होता. ग्राहकांनीं विश्वासानें घेतलेल्या सुधारणेबरोबरच विष आंत आलें आणि विंडोजच्या संगणकांतून देशोदेशीं पसरलें. मर्स्क ही जहाजांची मोठी कंपनी त्यांत सांपडली. आणि तिच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतल्या टर्मिनलचें काम ठप्प झालें. कीव्हमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळें उरणच्या किनाऱ्यावर कंटेनर अडकावे, इतकीं हीं कोठारें आतां एकमेकांशीं जोडलेलीं आहेत. दहा दिवसांत सुमारें ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक आपण पुन्हां उभारले, असें मर्स्कच्या अध्यक्षांनीं पुढें जाहीरपणें सांगितलें. ह्या उभारणीला लागणारी एक अत्यावश्यक नक्कल कंपनीला घानामधील कचेरींत मिळाली. तेथें हल्ल्याच्या वेळीं वीज गेली होती, म्हणून ती वांचली! आमच्या भागांतील लोकांना वीज जाण्याचें हें एकमेव सुफल ऐकून गंमत वाटेल.

दुसरा प्रसंग लिनक्सच्या घरांतलाच आहे. फाइली आवळण्याचें एक्सझेड नांवाचें एक लहानसें साधन आहे. असंख्य सर्व्हरांवर तें असतें. त्याची देखभाल वर्षानुवर्षें जवळजवळ एकच मनुष्य फावल्या वेळांत, विनावेतन करीत होता, आणि तो थकला होता. ‘जिया टॅन’ ह्या नांवानें कोणी मदतनीस पुढें आला. दोन-अडीच वर्षें त्यानें इमानें इतबारें काम केलें, विश्वास संपादिला, कोठाराची किल्ली हातीं घेतली, आणि २०२४ च्या आरंभीं निघालेल्या दोन आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसविला. तो उघडकीस कसा आला? आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला आपल्या यंत्रांत दुरून प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद उशीर होतो, असें दिसलें. दुसऱ्या कोणीं तिकडे दुर्लक्ष केलें असतें. त्यांनीं कारण शोधलें आणि २९ मार्च २०२४ रोजीं सर्वांना सावध केलें. मूळ लेखन सर्वांना पाहण्यास खुलें होतें, म्हणूनच एका चिकित्सक माणसाला चोराच्या पाउलखुणा काढतां आल्या.

ह्या संकटांतून बहुसंख्य सर्व्हर वांचले, त्याचें आणखी एक कारण आहे, आणि तें आपल्या गृहिणींना लगेच पटेल. नवा तांदूळ शिजवला तर त्याचा चिखल होतो; जुना तांदूळ मोकळा होतो. म्हणून चांगल्या घरांत तांदूळ वर्षभर मुरवून मग शिजवितात. डेबियनचीही हीच रीत आहे. नवें पॅकेज आधीं ‘अस्थिर’ म्हटलेल्या दालनांत येतें, तेथून परीक्षेच्या दालनांत जातें, आणि साधारण दोन वर्षांनीं जो संच स्थिर म्हणून बाहेर पडतो, तोच सर्व्हरवर वापरण्याचा. एक्सझेडचें विष पहिल्या दोन दालनांत पोंचलें होतें. स्थिर कोठारांत तें गेलें नव्हतें. स्थिर संचांत एखादा दोष सांपडला, तर कोठाराचे लोक नवा तांदूळ पाठवीत नाहींत; जुन्याच तांदुळांतला तेवढा खडा वेंचून काढतात. ह्या सुरक्षेच्या सुधारणा मात्र आल्या कीं त्वरित घ्याव्या. सर्व्हर चालतो आहे, मग त्याला हात कशाला लावा, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. खडे तसेच ठेवून भात वाढणाऱ्या घरीं पाहुणा दुसऱ्यांदां जेवावयास येत नाहीं.

मुरलेल्या धान्यालाही अखेर मुदत असते. सेंटओएस सात ह्या वितरणाची मुदत ३० जून २०२४ रोजीं संपली. त्या दिवशीं कोणताही सर्व्हर बंद पडला नाहीं, हीच त्यांतली फसगत. यंत्र पूर्वींसारखेंच चालतें. फक्त त्याच्या कोठारांत खडे वेंचणारा कोणी उरत नाहीं. म्हणून सर्व्हर उभारतांनाच त्याच्या कोठाराची मुदत भिंतीवर लिहून ठेवावी आणि स्थलांतराची तयारी आदल्या वर्षींच करावी.

ज्यांच्याकडे एखाद्या शाळेचा, पतसंस्थेचा किंवा नगरपालिकेचा सर्व्हर असेल, अशा तरुण श्रोत्यांना मी चार गोष्टी सुचवितों. पहिली, जें आपल्या वितरणाच्या कोठारांत मिळतें, तें तेथूनच घ्यावें. बाहेरचें कोठार जोडणें अटळच झालें, तर तें आपल्याच आवृत्तीसाठीं आहे कीं नाहीं, हें पाहावें. दुसरी, होकार देण्यापूर्वीं यादी वाचावी, आणि त्यांतही काय काढलें जाणार आहे, तें आधीं वाचावें. तिसरी, कोणताही मोठा बदल करण्यापूर्वीं माहितीची नक्कल निराळ्या जागीं ठेवावी, आणि बदल शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळीं कधींही करूं नये. चौथी, कोठावळ्याच्या वहीखेरीज आपलीही एक वही असावी. काय केलें हें तो लिहितो, पण कां केलें हें आपणच लिहावें लागतें. हें सारें शिकण्यास इंग्रजी उत्तम येत असलेंच पाहिजे, असेंही आतां राहिलेलें नाहीं. डेबियन बसवितांना भाषांच्या यादींतून मराठी निवडतां येते, आणि आय. आय. टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल ह्या उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठी आवाजांत ऐकावयास मिळतात.

आणि ज्यांचा सर्व्हरशीं एवढाच संबंध कीं त्यांना खिडकीवरून परत फिरावें लागतें, त्यांनाही माझी एक विनंति आहे. पुन्हां कधीं “सर्व्हर बंद आहे” असें ऐकलें, तर खिडकींतल्या बिचाऱ्या कारकुनावर रागावूं नका, परंतु संस्थेच्या चालकांना एक प्रश्न सौम्यपणें अवश्य विचारा: “आपल्या सर्व्हरची वही कोण ठेवतो?” ह्या प्रश्नाला ज्या संस्थेपाशीं चटकन् उत्तर असेल, तिचा सर्व्हरही कधीं तरी बंद पडेल, पण तो दुपारपर्यंत पुन्हां सुरू होईल, आणि रोवणी सोडून आलेल्या माणसाला त्याच दिवशीं आपलें काम उरकून संध्याकाळच्या एस्. टी. नें घरीं जातां येईल.